स्पर्धेचा न्याय आणि जोतीरावांचे निवेदन

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे इंग्रजी निवेदन ठेवले, त्याचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. परंतु सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी एवढेच त्यातले बहुधा सर्वांच्या स्मरणात असते. त्याच निवेदनात सरकारी शिष्यवृत्त्यांसंबंधी जो लहानसा परिच्छेद आहे, तो विचाराच्या दृष्टीने त्याहून कमी मोलाचा नाही. शिष्यवृत्ती स्पर्धेने देणे हे तत्त्वतः न्याय्य दिसते खरे, पण त्यामुळे विद्येची गोडी आधीच लागलेल्या वर्गांचीच सोय होते आणि इतरांत शिक्षण पसरत नाही, असा त्याचा आशय आहे. येथे जोतीराव परीक्षेवर पक्षपाताचा आरोप करीत नाहीत. परीक्षा निःपक्षपाती आहे असे मानूनच ते तिची मर्यादा दाखवितात, आणि म्हणूनच हा मुद्दा सहसा खोडता येत नाही.

ह्या विधानाची कसोटी आजच्या काळात पाहावयाची असेल, तर गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीकडे पाहावे. भामरागड, एटापल्ली व सिरोंचा यांकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. आसपासच्या पाड्यांतील कित्येक मुलांच्या घरची भाषा माडिया किंवा गोंडी. ह्या भाषा द्राविडी कुळातल्या. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत त्यांस स्थान नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाच्या काळात नवोदय विद्यालये निघाली. त्यांच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतली मुले परीक्षेस बसतात. तीत बुद्धिमापन, अंकगणित आणि भाषा असे तीन भाग असतात. प्रश्नपत्रिका सर्वांस सारखीच. परंतु एका मुलास ती आईच्या भाषेत मिळते आणि दुसऱ्यास शाळेत शिकलेल्या परक्या भाषेत. गणिताचे उदाहरण सोडविण्यापूर्वीच दुसऱ्याची एक परीक्षा होऊन गेलेली असते, आणि तिचे गुण कोणी देत नाही.

तर मग परीक्षाच नको काय? असे म्हणणे सोपे आहे, पण हिताचे नाही. प्रश्नपत्रिका नाहीशी झाली म्हणजे तिच्या जागी वशिला, पैसा आणि ओळख येतात. आणि ह्या तिन्ही गोष्टी पाड्यावरच्या बापाजवळ गुणांपेक्षाही कमी असतात. नवोदयात तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी राखल्या आहेत, अनुसूचित जमातींसही राखीव जागा आहेत, आणि स्पर्धा जिल्ह्यापुरतीच असते. जोतीरावांनी काही शिष्यवृत्त्या मागे पडलेल्या वर्गांसाठी ठेवण्याची जी सूचना केली होती, तिचाच हा अवतार होय. तरीही प्रवेश मिळतो तो मूठभरांस. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच.

त्याचे उत्तर निवेदनाच्या दुसऱ्या भागात आहे, आणि तो भाग ह्या परिच्छेदाशी जोडून वाचला पाहिजे. तपासनिसाने वर्षातून एकदा येणे पुरेसे नाही. शाळा निदान दर तीन महिन्यांनी, आणि कधी कधी पूर्वसूचना न देताही, तपासाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे तपासणीचे त्यांस वावडे नव्हते. मुलांना चाळून काढण्यापेक्षा शाळेची तपासणी व्हावी, हे त्यांच्या म्हणण्याचे मर्म आहे.

आलापल्लीच्या सागवनात हे तत्त्व जुनेच आहे. ठराविक वयाचे उंच साग किती वाढले आहेत हे मोजून वनाधिकारी जमिनीची प्रत ठरवितात. उंची कमी भरली म्हणून झाडास कोणी नापास करीत नाही. शिक्षणात मात्र आपला ओढा उलट दिशेला दिसतो. शिक्षणहक्क कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत मुलास मागे ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली ती स्वीकारली. मोजमाप शाळेचेही होते, पण शिक्षा मुलाच्या वाट्यास येते.

परीक्षा अवश्य असावी. पण आलापल्लीच्या परिसरातील एखाद्या वर्गाचे गुण कमी आले, तर त्या निकालाने आधी तेथे माडिया जाणणारा शिक्षक, पुस्तके आणि जादा खर्च पोहोचला पाहिजे. तसे होत नाही तोवर तिचा न्याय जोतीरावांनी म्हटल्याप्रमाणे केवळ तत्त्वापुरताच राहील.