वाचूं लागलेल्या मुलांचीं मासिकें

मूल अक्षरें जुळवून वाचूं लागलें म्हणजे घरांत जो आनंद होतो, त्या आनंदाच्या भरांतच पुष्कळदां त्याच्या वाचनाचें नुकसान होतें. वडील माणसें बाजारांत जातात, आपल्या लहानपणीं ज्या मासिकाची आपण वाट पाहत होतों त्याचे जुने अंक किंवा तसलेंच एखादें नवें मासिक शोधून आणतात, आणि सहा वर्षांच्या मुलापुढें मोठ्या कौतुकानें ठेवतात. मूल दोन दिवस चित्रें पाहतें. तिसऱ्या दिवशीं तो अंक कोनाड्यांत जातो. मग 'ह्याला वाचनाची आवडच नाहीं' असा निकाल दिला जातो, आणि तो मुलाच्या समक्ष दिला जातो. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. आवडीच्या आधीं झेपण्याचा प्रश्न येतो, आणि मुलांच्या मराठी मासिकांविषयीं लिहितांना त्याच प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें.

जालन्याकडे ह्या गोष्टीला आणखी एक पदर आहे. वासुदेव गोविंद आपटे ह्यांनीं १९०६ सालीं 'आनंद' मासिक काढलें, आणि पुण्याकडील कित्येक घरांत त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आमचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. पुष्कळ आजोबांच्या बोटांना उर्दू लिपीचें वळण मराठीइतकेंच पक्कें. मुलांसाठीं म्हणून मराठी मासिक घरांत यावें ही वहिवाट येथें उशिरां पडली, आणि आमच्या समजुतीप्रमाणें ती मुख्यतः 'चांदोबा'नें पाडली. म्हणून येथील आजच्या आजी-आजोबांना मुलांचें मासिक म्हटलें कीं चांदोबाच आठवतो, आणि त्याच मापानें तीं नातवंडांचें वाचन मोजतात.

हें माप पारखून घेतलें पाहिजे. नागी रेड्डी आणि चक्रपाणि ह्यांनीं मद्रासेंत १९४७ च्या जुलैंत हें मासिक तेलुगु व तमिळ भाषांत काढलें. मराठी आवृत्ति १९५२ सालीं आली. आतां तें बंद पडलें आहे. शंकर ह्या चित्रकारानें काढलेला, खांद्यावर प्रेत आणि हातांत तलवार घेऊन चाललेला विक्रमराजा एकदां पाहिलेलें मूल तो विसरत नाहीं. हें यश लहान नव्हे. पण चांदोबाच्या मजकुराचें पान उघडून नव्या वाचकाच्या डोळ्यानें पाहावें. अक्षर बारीक, परिच्छेद लांब, आणि राजे, मंत्री, ऋषि व व्यापारी ह्यांच्या कथांना शोभेल अशी भारदस्त भाषा. ज्यास 'घर' आणि 'गाय' ह्यांच्या पुढें जाऊन नुकतेंच 'पाऊस' वाचतां आलें, त्यास 'प्रस्थान' किंवा 'पश्चात्ताप' ह्यांसारखा शब्द म्हणजे भिंतच. तेव्हां सहाव्या वर्षीं चांदोबा कानांसाठीं आहे व नवव्या वर्षीं डोळ्यांसाठीं, असा आमचा अभिप्राय आहे. जुने अंक मिळाले तर अवश्य घ्यावे. पण ते आजीनें मोठ्यानें वाचावे आणि मुलानें मांडीवर बसून ऐकावे.

जोडाक्षर ही मराठी वाचनांतील खरी घाटी आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार हें सर्व शिकून झाल्यावरही रफार, 'त्र', 'क्ष', 'ज्ञ' आणि अर्ध्या अक्षरांची रांग पुढें उभी असते, आणि शाळेंत मूल तेथपर्यंत पोहोंचण्यास बराच काळ जातो. फलटण येथें १९८४ सालीं प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन ह्यांनीं मूळाक्षरांचा रूढ क्रम सोडून थोडीं अक्षरें व थोडीं स्वरचिन्हें ह्यांचे गट केले, आणि त्या गटांतून लगेच अर्थाचे शब्द व वाक्यें मुलाच्या हातीं देण्याची पद्धत बसविली. जन्मानें अमेरिकन असलेल्या बाईंनीं मराठी मुलाची अडचण इतकी नेमकी ओळखावी, ह्याचें कौतुक करावें तितकें थोडेंच. मासिकांच्या संपादकांनीं मात्र हा धडा फारसा घेतलेला दिसत नाहीं.

बालभारतीचें 'किशोर' घ्या. १९७१ च्या नोव्हेंबरांत निघालेलें हें मासिक मराठींतील मुलांच्या नियतकालिकांत आम्ही फार वरचें मानतों. चांगले लेखक आणि चांगले चित्रकार त्याला लाभले. त्याचे जुने अंकही संगणकावर फुकट वाचावयास ठेविले आहेत, ही गोष्ट ज्यांच्या गांवांत ग्रंथालय नांवापुरतेंच आहे त्यांस फार सोईची. परंतु 'किशोर' हें नांवच आपला वाचक कोण तें सांगून टाकतें. तें पहिलीच्या मुलास देणें म्हणजे थोरल्या भावाचे जोडे त्याच्या पायांत घालणें होय. ह्यांत दोष मासिकाचा नाहीं. घाई आपली आहे.

आतां चित्रकथांविषयीं. सुशिक्षित घरांत अद्यापि एक समजूत आहे कीं, चित्रांच्या चौकटी पाहून मूल आळशी होतें आणि खरें वाचन टाळतें. आम्हांस उलट वाटतें. चौकटींतील चित्र मुलास अर्थाचा अर्धा भाग आधींच देऊन ठेवतें, आणि उरलेला अर्धा वाचण्याची हांव उत्पन्न करतें. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ह्यांचा 'चिंटू' १९९१ सालीं 'सकाळ'मध्यें येऊं लागला. तीन-चार चौकटी, प्रत्येकींत एक-दोन वाक्यें, आणि तीं घरांत बोलल्या जाणाऱ्या मराठींत. नव्या वाचकास एका बैठकीत संपेल आणि शेवटीं हंसूं येईल असा मजकूर दुसरा कोणता आहे? चिंटूचें घर शहरी आहे, त्याची खोडी बेताची आहे, हें खरें. पण आईनें हांक मारल्यावर न ऐकल्यासारखें करणारा मुलगा परतुरांतही असतो आणि पुण्यांतही.

अमर चित्रकथेबद्दल आमचें मत इतकें सरळ नाहीं. अनंत पै ह्यांनीं १९६७ सालीं चालू केलेल्या ह्या मालेनें पुराणें व इतिहास असंख्य घरांत पोहोंचविले. तथापि तिच्या फुग्यांतील पात्रें बहुधा संस्कृतप्रचुर बोलतात, आणि लहानशा फुग्यांत लांब वाक्य कोंबल्यामुळें अक्षर आणखी बारीक होतें. शिवाय युद्धाचीं व वधाचीं चित्रें रात्रीं निजतांना कोणास सोसतील, हें आईबापांनींच ठरवावें. आठ वर्षांपूर्वीं ही माला देऊं नये असें आम्ही म्हणूं. (इंद्रजाल कॉमिक्सचा 'वेताळ' आठवणारे वडील ह्या ठिकाणीं हंसतील. चांदोबांतला झाडावर लटकणारा वेताळ आणि आफ्रिकेच्या रानांतला मुखवट्याचा वेताळ ह्यांत आमच्या पिढीचा कधीं घोटाळा झाला नाहीं. तेव्हां मुलांच्या बुद्धीवर फार अविश्वासही नको.)

दिल्लीहून अनेक भाषांत निघणाऱ्या 'चंपक'च्या प्राणिकथा लहान व सुटसुटीत असतात, हा त्याचा गुण. पण एकच मजकूर अनेक भाषांतून फिरला म्हणजे वाक्याला कोणत्याच घरचा वास राहत नाहीं. विकत घेण्यापूर्वीं एक पान दुकानांतच मोठ्यानें वाचून पाहावें. जीभ अडखळली तर मुलाचीही अडखळेल.

आमच्या मतें मासिकापेक्षां लहान चित्रपुस्तकापासून आरंभ करणें बरें. माधुरी पुरंदरे ह्यांचें 'राधाचं घर' पाहावें. लेखिका स्वतःच चित्रकार असल्यामुळें शब्द आणि चित्र एकमेकांचें बोलणें तोडीत नाहींत. 'प्रथम बुक्स'चीं पुस्तकें स्वस्त आहेत व प्रत्येकावर वाचनाचा स्तर छापलेला असतो. ही साधी सोय मासिकांनींही उचलावी. एका पानावर चार-पांच शब्दांहून अधिक ठिकाणीं मूल थांबलें, तर तें पुस्तक वाचून दाखवावयाचें समजावें आणि त्याच्या हातीं दुसरें द्यावें.

ह्या सर्वांत एक उणीव मात्र कोणत्याही निवडीनें भरून निघत नाहीं. घनसावंगीच्या किंवा भोकरदनच्या घरांत मूल 'माय' म्हणतें, छापलेल्या पानावर त्याला नेहमीं 'आई' भेटते. घरांत तें 'लेकरू' असतें, पानावर 'बाळ' होतें. तांड्यावरच्या मुलाची भाषा तर मराठीहून अगदींच निराळी. प्रमाण भाषा शिकूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. ती यावीच लागते. पण पहिल्याच पुस्तकांत आपल्या घरचा एकही शब्द न दिसल्यास, पुस्तक ही दुसऱ्यांची वस्तु आहे असें मुलाच्या मनांत बसतें. आणि जालन्यांत आज कित्येक घरीं मुलांस एकदम इंग्रजी शाळेंत घातलें जात असल्यामुळें, मराठी पुस्तक त्यांना दोन्हीं बाजूंनीं परकें होतें: शाळेंतही नाहीं, घरच्या बोलींतही नाहीं.

मोसंबीच्या बागेंत राखणीला बसलेला आजा, सरकीच्या ढिगावर उड्या मारणारीं पोरें, आठवड्याचा बाजार, पत्र्याच्या टपरीवरची एस. टी. ची वाट पाहणारी गर्दी, ह्यांची चार चौकटींची चित्रकथा, मोठ्या अक्षरांत, जोडाक्षरें बेतानें वापरून काढलेली, आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. येथें चित्रें काढणारे शिक्षक आहेत, आणि बोली जाणणारे लेखकही आहेत. ती येईपर्यंत चांदोबा वाचून दाखवितांना आजीनें 'बालक' ह्या ठिकाणीं खुशाल 'लेकरू' म्हणावें.