मोटार अपघात दाव्यातील तडजोड : एक चिकित्सा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. कर्जत तालुका त्यास लागून आहे. या परिसरातील जखमींपुढे तडजोड स्वीकारावी की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे सुनावणी चालवावी, हा प्रश्न उभा राहतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने विमा कंपनीच्या प्रस्तावासाठी ३० दिवसांची मुदत घातली. दिरंगाई टाळण्याचा हा हेतू स्वागतार्ह आहे. तथापि, मृत्यूच्या दाव्यात सरला वर्मा (२००९) निकालातील गुणकामुळे रकमेचा अंदाज बांधता येतो; जखमेच्या दाव्यात कायमचे अपंगत्व किती, हे एवढ्या अवधीत बहुधा ठरतच नाही. शिवाय, वैद्यकीय अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईची हानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) प्रकरणी स्पष्ट केले. भातलावणीस वाकू न शकणाऱ्या मजुराचे व बैठे काम करणाऱ्याचे नुकसान सारखे नसते. न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर उच्च न्यायालयात अपील करता येते. लोकअदालतीत तडजोडीने झालेल्या निवाड्यावर, १९८७ च्या कायद्यानुसार, अपील नाही. म्हणून दावा वेळेत दाखल करावा. तडजोडीची सही मात्र अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती आल्यावरच करावी. त्यापूर्वीची तडजोड त्वरित असली, तरी न्याय्य असेलच असे नाही.