आरोपीला काही सांगायचे आहे काय?

परभणीच्या जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून ऐकलेली एक साक्ष अजून माझ्या कानात आहे. भांडण बांधावरचे होते. फिर्यादीच्या हाताला विळ्याची जखम झालेली, गुन्हा कलम ३२४ चा. पुकारा झाला, फिर्यादी पिंजऱ्यात चढला, शपथ घेतली आणि म्हणाला, “अंधार होता. कोणी मारलं ते सांगता येणार नाही.” सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केले आणि पोलिसांपुढचा त्याचा जबाब वाचून दाखवला. त्यावर ठरलेले उत्तर आले. असे मी सांगितले नव्हते, पोलिसांनी का लिहिले याचे कारण सांगता येणार नाही. अर्ध्या तासाने फिर्यादी आणि आरोपी बाहेरच्या टपरीवर एकाच बाकावर चहा पीत बसले होते.

मी वकील नाही. मराठी शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि कोर्ट मला आधी भेटले ते रंगभूमीवर आणि पडद्यावर. त्या दिवशी घरी आल्यावर पहिला प्रश्न पडला तो वाङ्मयाचाच. हा माणूस आपल्या एकाही कोर्टनाट्यात कसा नाही?

आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगमंचावर आले. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे एकामागून एक आरोप झटकत राहतो आणि प्रेक्षक त्याच्या निगरगट्टपणावर खूश होतात. त्या मजेखाली लेखकाने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. साक्षीदार येतात आणि खरे सांगतात. फसवल्या गेलेल्या बायका येतात, त्यांची माणसे येतात, कोणी मागे हटत नाही. खोटे बोलतो तो एकटा आरोपी. या नाटकातले न्यायालय म्हणजे सत्य गोळा होण्याची जागा आहे, आणि त्यात उणीव आहे ती फक्त लखोबाच्या कबुलीची.

पाच वर्षांनी, १९६७ साली, विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने हे गृहीतकच उलटे केले. इथे खटला खोटा, न्यायाधीश हौशी, पण साक्षी मात्र खऱ्या आयुष्यातल्या. लीला बेणारेला शेवटी बोलायची मुभा मिळते ती काही सेकंदांची. ती जे बोलते ते त्या कोर्टाच्या कानावर पडते की नाही, याचीच शंका यावी अशी नाटकाची रचना आहे. आरोपीला बोलायला सांगणे आणि त्याचे ऐकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मराठी रंगभूमीला तेंडुलकरांनी दाखवले. तरी त्यांच्याही नाटकात खटला संपतो तो निकालानेच.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ साली चित्रपटगृहांत आला आणि निकालाची ही सवय त्याने मोडली. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे तो गटारात मरण पावलेल्या सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. वीरा साथीदारांनी हा शाहीर ज्या थंडपणे उभा केला, तो आपल्याकडच्या खऱ्या आरोपींच्या जवळचा आहे. कामगाराच्या विधवेची साक्ष तर मला या चित्रपटाचा कणा वाटते. आत उतरण्याआधी नवरा खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहायचा, हे ती सरळ सांगते, आणि सरकारचा सगळा आरोप पोकळ होतो. तारखा पडत राहतात, जामीन होतो, पुन्हा अटक होते, मग न्यायालयाला सुट्टी लागते. निकाल येतच नाही. मराठी कलाकृतींत प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळ हीच गेली. पण तिच्यातही खटला खोलीच्या आतच चालतो. टपरीवरचा बाक तिथेही दिसत नाही.

परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू इथल्या फौजदारी खटल्यांचे शेवट पाहा. किरकोळ गुन्ह्यात आरोपी ‘गुन्हा कबूल’ एवढे दोनच शब्द बोलतो. दंड, फार तर कोर्ट उठेपर्यंतची कैद. मजुराच्या दृष्टीने हिशेब सरळ असतो. गुन्हा नाकारला तर पुढच्या प्रत्येक तारखेला रोजगार बुडणार. दुसरा शेवट तडजोडीचा. शिवीगाळ, साधी मारहाण यांत दोन्हीकडचे सह्या करून पुरसीस देतात आणि प्रकरण मिटते. धनादेशाची प्रकरणे लोकअदालतीत निघतात. तिथल्या निवाड्यावर अपील नसते.

आता विळ्याच्या जखमेकडे येऊ. हाताने मारहाण केली तर गुन्हा मिटवता येतो. हाड मोडले तरी न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो. पण धारदार हत्याराने साधी जखम झाली तर मिटवता येत नाही. दंडसंहितेचे ३२४ हे कलम पूर्वी परवानगीने मिटत असे, २००९च्या अखेरीस ते तडजोडीच्या यादीतून गेले. १ जुलै २०२४ला नवे कायदे आले, कलमाचा आकडा ११८ झाला, अडचण तीच राहिली. अशी प्रकरणे संमतीने रद्द करून घ्यायची तर उच्च न्यायालयात जायचे, म्हणजे परभणीहून सुमारे दोनशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला, आणि वेगळा वकील लावायचा. ज्याला हे परवडत नाही तो गावातच समझोता करतो आणि पिंजऱ्यात उभा राहून ‘अंधार होता’ म्हणतो. आपण त्याला फितूर म्हणतो. शेजाऱ्याशी खरेपणाने केलेला समेट त्याला शपथेवर खोटे बोलूनच पार पाडावा लागतो, ही शोकांतिका कोणत्या नाटककाराने लिहिली?

मात्र या समेटाला मी गोंडस करणार नाही. टपरीवरच्या बाकावर दोघे दर वेळी सारखे नसतात. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा मिटवता येत नाही, तसाच नवऱ्याच्या छळाचाही नाही. त्यामागे कारण आहे. मिटवण्याची मुभा दिली तर मिटवायला लावणारा बलवान असतो. पण मुभा काढून घेतल्याने दबाव जात नाही, फक्त त्याची नोंद होत नाही. ज्याच्या शेतात मजुरीला जायचे त्याच्याविरुद्ध साक्ष देणारी बाई फितूर होते, तेव्हा कागदावर तिचे शब्द बांधावरच्या फिर्यादीसारखेच उमटतात. समेट आणि भीती या दोन्हींना न्यायालयाच्या दप्तरात एकच वाक्य आहे. माझ्या मते आपल्या फौजदारी व्यवस्थेतला सर्वांत गंभीर दोष हा आहे.

अमेरिकेत हा व्यवहार उघड चालतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या एका निकालात नोंदवले की संघराज्याच्या न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून येतात. तिथे सौदा सरकारी वकिलाशी होतो, आणि मोठ्या शिक्षेच्या भीतीने निरपराधही कबूल होतात, ही त्यावरची जुनी टीका आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली अशा सौद्यावर कडक ताशेरे ओढले होते. तरी ५ जुलै २००६पासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी तो कायद्यात आला. स्त्रिया आणि लहान मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले. नव्या संहितेत दोषारोप ठेवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला किमान शिक्षा ठरलेली असेल तर तिचा चौथा हिस्सा, नसेल तर कमाल शिक्षेचा सहावा हिस्सा देता येतो. न्यायाधीशाने आरोपीला एकट्याला बोलावून, तो स्वखुशीने आला आहे ना, हे विचारायचे असते. माझ्या त्या बाकावरून असा एकही अर्ज मला दिसला नाही.

खटला पुरा चालला तर आरोपीला विचारले जाते. पूर्वीचे कलम ३१३, आताचे ३५१. पुराव्यातली एकेक गोष्ट न्यायाधीश समोर ठेवतात, आरोपी ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ म्हणत जातो. शेवटचा प्रश्न असतो, आणखी काही सांगायचे आहे काय? मी ऐकले तेवढ्या वेळी उत्तर एकच होते, ‘नाही’. लखोबाचे अखंड बोलणे आणि बेणारेचे स्वगत यांच्यापेक्षा त्या ‘नाही’त मला जास्त ऐकू आले.

आणि परभणीत राहून एका माणसाचे नाव टाळता येत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. त्यात अटक झालेला, कायद्याचे शिक्षण घेणारा ३५ वर्षांचा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईच्या याचिकेवर जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्याच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही, मिटला नाही, कबूलही झाला नाही. आणखी काही सांगायचे आहे काय, हा प्रश्न त्याला विचारण्याची वेळच आली नाही.

कायदा करणाऱ्यांकडे माझी मागणी लहान आहे. विळ्याच्या साध्या जखमेचा गुन्हा पुन्हा परवानगीने मिटवता यावा, आणि परवानगी देण्याआधी न्यायाधीशाने फिर्यादीला एकट्याला बोलावून विचारावे. समेट खरा असेल तर त्याला खोट्या साक्षीची गरज उरणार नाही, आणि भीती असेल तर ती निदान एका माणसाच्या कानावर पडेल. मराठी लेखकांकडे मागणी मोठी आहे. निकालाच्या खोलीतून बाहेर या, टपरीवर बसा आणि त्या दोघांपैकी चहाचे पैसे कोण देतो ते पाहा.