पिंपातली किल्ली

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात वाईन कुठून आली, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यांवर दिसतोय. ती तत्त्वज्ञानातूनच आली. अभिरुचीचा विचार करताना दोन मोठ्या तत्त्वज्ञांनी वाईनचं उदाहरण घेतलं आणि दोन्ही वेळा ती स्पेनची होती.

कांटनं १७९० मध्ये कॅनरी बेटांच्या वाईनचा दाखला दिला. ‘ही वाईन सुखद आहे’ असं कुणी म्हटलं, तर त्याला सांगावं, बाबा रे, ‘मला सुखद आहे’ एवढंच म्हण. जिभेचा प्रश्न ज्याचा त्याचा. त्याआधी, १७५७ मध्ये, ह्यूमनं वेगळी बाजू मांडली होती. त्यानं सर्व्हान्टिसच्या ‘डॉन किहोते’मधली सांचोची गोष्ट घेतली. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातली वाईन चाखायला दिली. एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, छान आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं, तेव्हा तळाशी किल्ली सापडली आणि तिला चामड्याची वादी बांधलेली होती!

आता आपण खानदेशी माणसं या वादात कुठे बसतो? भरिताचं बघा. वांगं कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलंय की गॅसवर, हे आपल्याकडची म्हातारी पहिल्या घासाला सांगते. तिथे कुणी म्हणत नाही की ‘ज्याची त्याची आवड’. आवड वेगळी असू शकते, पण धुराचा वास खरा असतो. म्हणजे भरिताच्या बाबतीत आपण सगळे ह्यूमचे शिष्य. वाईनची बाटली समोर आली की मात्र एकदम कांट होतो, नाहीतर किंमत बघून मान डोलावतो.

म्हणून एक जवळचं उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात, चारोसा नावाचं गाव आहे. तिथल्या चारोसा व्हाइनयार्ड्स या तरुण वायनरीनं टेम्प्रानियो या स्पॅनिश द्राक्षाची ‘रिझर्व्ह’ रेड वाईन काढली. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं, म्हणून हे नाव. स्पेनमध्ये वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी आणि तोडणी उन्हाळ्याच्या तोंडाशी. ऊन तापलं की द्राक्षात साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो, आणि वाईन जड, बोथट होते. लवकर पिकणारं द्राक्ष या उन्हाच्या आधी हाती लागू शकतं. म्हणजे ही निवड नुसत्या परदेशी नावाच्या हौसेची नाही, तिच्यामागे शेतीचं कारण उभं राहतं.

ती मी चाखली तेव्हा आधी सुकलेल्या आलुबुखाराची चव लागली, मग लाकडाची. घोट गिळल्यावर जांभूळ खाल्ल्यासारखा तुरटपणा राहिला, आणि त्याला आंबटपणाचा आधार होता. ‘चांगली’ हा शब्द मी या आधारासाठी वापरतो. तो तुम्हालाही तपासता येतो.

आता ‘रिझर्व्ह’ हा शब्द. स्पेनच्या रिओहा प्रांतात रेड वाईनवर ‘रेसेर्वा’ लिहायचं, तर ती किमान ३ वर्षं मुरलेली हवी आणि त्यातलं किमान १ वर्ष ओकच्या पिंपात. तिथे हा शब्द म्हणजे कायद्यानं बांधलेलं वचन आहे. आपल्याकडे तो वाचला की विचारायचं, किती महिने मुरवली? कशात? उत्तर मिळालं तर तो शब्द, नाही मिळालं तर नुसती शोभा.

कुणी म्हणेल, नव्या घराला एवढं कशाला पिळता? स्पेनमध्येच रिबेरा देल दुएरो भागात १९९५ मध्ये पिंगुस ही वायनरी सुरू झाली आणि लवकरच जगभर गाजली. घर नवं होतं, वेली मात्र जुन्या होत्या आणि नेमकं बोलणारे समीक्षकही होते. आपल्याकडे घरंही नवी, वेलीही नव्या आणि समीक्षक जवळजवळ नाहीत. चारोसाही पुढे ग्रोव्हर झाम्पा या मोठ्या कंपनीकडे गेली. जिथे चांगल्या-वाईटाचा निवाडा कुणी करत नाही, तिथे लहान घराचं चांगलं काम आणि मोठ्या घराची जाहिरात एकाच फळीवर बसतात.

वाईन ही दारूच आहे, बरं का. दारूनं उठलेली घरं या तालुक्यात कमी नाहीत. ज्यांनी पेल्याला हात लावलेला नाही, त्यांनी माझं ऐकून लावू नये. पण २००१ पासून राज्यानं धोरण म्हणून हा धंदा वाढवला. २०२२ मध्ये ती सुपरमार्केटात विकावी का, यावर रान उठलं. शेतकऱ्याचा फायदा आणि समाजाचा तोटा, दोन्ही बाजू जोरात मांडल्या गेल्या. त्या गदारोळात, आपण बनवतोय ते चांगलं आहे का, हा प्रश्न मला कुठे ऐकू आला नाही. जो समाज एखादी गोष्ट बनवतो, विकतो, तिच्यावर भांडतो, पण तिची पारख करत नाही, तो शेवटी लेबल विकत घेतो. हे वाईनपुरतं नाही, पुस्तकांचं आणि पुढाऱ्यांचंही तसंच आहे.

आता प्रश्न विचारा.