मागल्या पडवीतले गाणे

‘बॅक पोर्च ब्लूग्रास’, म्हणजे मागल्या पडवीतले संगीत, ही अमेरिकेतील ‘द डिलर्ड्स’ या चौघा तरुणांची १९६३ सालची पहिली तबकडी. बेंजो, मँडोलिन, गिटार आणि खर्जाला बास, एवढाच सरंजाम. बेंजो आपल्या मिरवणुकीतला नव्हे; हा बोटांनी छेडायचा. त्यावर डग डिलर्डची बोटे अशी धावतात की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी! खरे सांगायचे तर या चपळाईचा मला थोडा शीणच आला.

‘दि ओल्ड होम प्लेस’ने मात्र मला थांबवले. प्रेमापायी शहरात गेलेल्या तरुणाचे हे गाणे. प्रेयसी जाते, आणि मागे गावचे घरही पाडले जाते. चाल मात्र उडती! प्रथम हा दोष वाटला. पण पस्तावलेला माणूस चारचौघांत असाच हसत बोलतो, नाही का?

गाणे रचणाऱ्या दोघांपैकी मिच जेन हा मिझुरीतील खेड्यात एकशिक्षकी शाळेचा मास्तर होता. पुढे कादंबरीकारही झाला. म्हणजे माझाच व्यवसायबंधू! दरवर्षी मी हुशार पोरांना शहराची वाट दाखवतो. हे गाणे ऐकल्यापासून तसे सांगताना जीभ जरा अडखळते.