‘उन्हाळ्यात प्रदूषण सर्वाधिक’ : तलावांवरच्या प्रबंधांतलं हे वाक्य जरा तपासून बघू

शोधगंगेवर जाऊन तलावांच्या पाण्यावरचे प्रबंध उघडून बघा. आठ-दहा चाळले की एक साचा लगेच ओळखू येतो. एक किंवा दोन तलाव, दर महिन्याला एक सॅम्पल, 12 किंवा 24 महिने, पंधरा-वीस घटक. मग उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन रकाने, प्रत्येकाची सरासरी, एक जल गुणवत्ता निर्देशांक आणि शेवटी निष्कर्ष : उन्हाळ्यात प्रदूषण सर्वाधिक, पावसाळ्यात पाणी गढूळ, हिवाळ्यात स्थिती समाधानकारक.

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या तलावावर सिनॉप्सिस लिहायला घेतलीत, तर हाच साचा तुमच्याही हातात येईल. त्यामुळे तो आधी तपासून घेऊ. मला कुणा एका संशोधकावर टीका करायची नाही. मला फक्त हे दाखवायचं आहे की, हा साचा जसाच्या तसा वापरला तर तो प्रदूषण मोजतच नाही. तो बहुतेक वेळा तलावातलं पाणी किती उरलं, एवढंच मोजतो.

आधी साच्याच्या बाजूने बोलू. दर महिन्याला न चुकता तलावावर जाणं, विंकलर पद्धतीने ऑक्सिजन काढणं, साध्या टायट्रेशनवर दोन वर्षांची नोंद उभी करणं हे सोपं काम नाही. गोंदिया-भंडारा हा तलावांचा पट्टा. नवेगावबांधसारखा मोठा जलाशय, शेकडो माजी मालगुजारी तलाव म्हणजे आपले मामा तलाव, आणि शेताशेतांतल्या बोड्या. यातल्या बहुतेकांच्या पाण्याची नियमित नोंद कुणी ठेवत नाही. 2017 च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी खास बांधलेल्या जलसाठ्यांना वगळलं आहे. मामा तलाव तर मुळात धानाच्या पाण्यासाठीच बांधलेले. राज्यातल्या नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या रामसर स्थळांच्या यादीतही गोंदियाचा एकही तलाव नाही. म्हणजे एखाद्या मामा तलावाबद्दल पुढे कधी निर्णय घ्यायची वेळ आली, तर तुमचा प्रबंध हाच कदाचित एकमेव कागद असेल. म्हणूनच त्यातलं वाक्य बरोबर असायला हवं.

पहिला प्रश्न : पाणी कमी झालं की प्रदूषण वाढलं?

एक काल्पनिक तलाव घ्या. सप्टेंबरअखेर त्यात 10 लाख घनमीटर पाणी आहे आणि क्लोराइड लिटरला 20 मिलिग्रॅम. मे महिन्यात पाणी उरलं 2 लाख घनमीटर. या काळात बाहेरून क्लोराइडचा एक कणही आला नाही, असं धरू. मे महिन्यात आकडा किती येईल?

सगळं पाणी बाष्पीभवनाने गेलं असेल तर क्षार मागेच राहतात. पाणी पाचपट कमी, म्हणून क्लोराइड पाचपट, म्हणजे 100. पण आपल्याकडे तसं होत नाही. ऑक्टोबरात पाऊस ताणला की धानासाठी तलावाचं पाणी सोडतात. त्यातून आधी 5 लाख घनमीटर गेलं असं धरा. सोडलेल्या पाण्याबरोबर त्यातलं क्लोराइडही जातं, त्यामुळे उरलेल्या पाण्यात आकडा 20 च राहतो. त्यानंतर उन्हाने 3 लाख घनमीटर उडालं आणि 2 लाख उरलं. आता आकडा येतो 50.

बघा, तलाव तोच आणि मे मधली पातळीही तीच, पण एका हिशेबात 100 आणि दुसऱ्यात 50. दोन्हींत प्रदूषण शून्य. साच्यातला प्रबंध मात्र दोन्ही वेळा लिहिणार, ‘उन्हाळ्यात क्लोराइडचे प्रमाण वाढलेले आढळले, यावरून सांडपाण्याचा शिरकाव सूचित होतो.’

यावर उपाय महागडा नाही. पातळीची नोंद ठेवा. गेज नसेल तर पाळीच्या दगडांवर एक पक्की खूण करून पाणी तिच्याखाली किती उतरलं ते दर वेळी मोजा. पाणी कधी सोडलं ते पाणी वाटणाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवा. आणि क्लोराइडलाच मोजपट्टी करा. ते गाळात फारसं अडकत नाही, वनस्पतीही ते फारसं खात नाहीत. क्लोराइड अडीचपट झालं आणि फॉस्फेटही अडीचपटच झालं, तर ती बव्हंशी आटण्याची गोष्ट आहे. क्लोराइड अडीचपट आणि फॉस्फेट सहापट, तर मग खरंच काहीतरी घडलंय. बाहेरून आलं असेल किंवा ऑक्सिजन संपलेल्या तळाच्या गाळातून सुटलं असेल. संशोधन इथून सुरू होतं.

दुसरा प्रश्न : हे तीन ऋतू कुणाचे?

बहुतेक प्रबंधांत पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. पण गोंदियात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो. 5 जूनचं सॅम्पल कॅलेंडरप्रमाणे पावसाळ्याचं, पण तलावासाठी तो वर्षातला सगळ्यात आटलेला दिवस असू शकतो. जूनअखेरीस पहिल्या मोठ्या सरी येतात. गुरांचं शेण, रस्त्यावरची घाण, उन्हाळाभर साठलेली माती, सगळं एकदम पाण्यात उतरतं. ऑगस्टमध्ये तलाव भरत येतो आणि सप्टेंबरमध्ये सांडव्यावरून पाणी जायला लागलं की साठा बराच बदलून जातो.

या चारही महिन्यांची मिळून एक सरासरी काढली की ती कोणत्या दिवसाची राहते? कोणत्याच नाही. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगलं पाणी मिसळून एक मध्यम आकडा तयार होतो आणि तो ‘मान्सून’ या रकान्यात जाऊन बसतो.

तलावाचं स्वतःचं वेळापत्रक वेगळं असतं : पहिला लोंढा, भरणं, सांडवा वाहणं, पाणी सोडणं, संथ आटणं, तळ उघडा पडणं. जिल्ह्यातल्या शेतीचं वेळापत्रक त्याला जोडलेलं आहे. पऱ्हे टाकणं, जुलैतली रोवणी, नंतर युरियाचा हप्ता, दिवाळीच्या आसपास कापणी. ढिवर बांधवांची मासेमारी आणि शिंगाड्याचं पीक याच पाण्यावर. तेव्हा सॅम्पलच्या तारखा या घटनांशी बांधा. दर महिन्याची 5 तारीख पाळायची असेल तर जरूर पाळा, पण पहिल्या लोंढ्यानंतरचा आठवडा आणि पाणी सोडण्याआधी-नंतरचा दिवस असे जादा फेरे प्लॅनमध्ये ठेवाच.

इथे आणखी एक वाक्य तपासायला हवं : ‘शेतीतील खतांच्या निचऱ्यामुळे नायट्रेट वाढले.’ मामा तलावाची रचना आठवा. वरच्या अंगाला पाणलोट, बहुतेकदा जंगल किंवा माळ. मग पाळ. धानाच्या बांध्या पाळीच्या खाली, कारण पाणी उताराने तिकडेच द्यायचं असतं. मग त्या बांध्यांतलं खत उलट चढून तलावात कसं येणार? ते जाणार उताराने पुढच्या तलावात. अनेक ठिकाणी तलावांची अशी साखळीच आहे. शिवाय आता कित्येक पाणलोटांत शेती आलेली आहे, तिथे खत खरोखर तलावात येतच असेल. पण ते नकाशावर दाखवा. आपला तलाव साखळीत कितवा आणि शेती पाळीच्या वर की खाली, हे न सांगता खतांना दोष देणं म्हणजे कारण न शोधता कारण लिहिणं.

तिसरा प्रश्न : घड्याळात किती वाजले होते?

विरघळलेला ऑक्सिजन हा या प्रबंधांचा लाडका घटक. उन्हाळ्यात तो कमी झाला की सेंद्रिय प्रदूषण वाढलं, असा निष्कर्ष ठरलेला. पण गोड्या पाण्यात 20 अंश सेल्सिअसला ऑक्सिजन जास्तीत जास्त 9.1 मिलिग्रॅम प्रतिलिटर विरघळतो आणि 35 अंशांना साधारण 7. म्हणजे सुमारे 2 मिलिग्रॅमची घट नुसत्या तापमानाची. म्हणून ऑक्सिजन मिलिग्रॅमबरोबर टक्के संपृक्ततेतही द्या.

त्याहून मोठा घोळ वेळेचा. शेवाळ आणि पाणवनस्पती भरपूर असलेल्या उथळ तलावात पहाटे ऑक्सिजन तळाला असतो आणि दुपारी संपृक्ततेच्याही वर जाऊ शकतो. एका दिवसात मोटरसायकलने चार तलाव केले, पहिला सकाळी 7 ला आणि चौथा 1 वाजता, तर तुमच्या टेबलमधला ‘तलावांमधील फरक’ हा बराचसा 7 आणि 1 मधला फरक असतो. पीएचलाही हेच लागू. सॅम्पलची वेळ लिहिलेली नसेल, तर तो ऑक्सिजनचा आकडा वाचणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

चौथा प्रश्न : निर्देशांक नेमकं काय बोलतोय?

जल गुणवत्ता निर्देशांकाची कल्पना हॉर्टन यांनी 1965 मध्ये मांडली आणि ब्राउन व सहकाऱ्यांनी 1970 मध्ये ती पुढे नेली. आपल्याकडे जास्त चालते ती भारित सरासरीची पद्धत : प्रत्येक घटकाचं वजन त्याच्या मानक मर्यादेच्या व्यस्त प्रमाणात. ऐकायला शास्त्रीय वाटतं. आकडे घालून बघू.

आयएस 10500 मधले सहा घटक घ्या. पीएच 8.5, गढूळपणा 5, एकूण विरघळलेले क्षार 500, कठीणपणा 200, क्लोराइड 250, नायट्रेट 45. प्रत्येकाचा व्यस्त काढून बेरीज केली की 0.35 येते. त्यात एकट्या गढूळपणाचा वाटा 0.2, म्हणजे 57 टक्के. नायट्रेटचा 6 टक्क्यांच्या आसपास. क्षारांचा 1 टक्काही नाही.

याचा अर्थ काय होतो बघा. गढूळपणा 10 एनटीयू झाला, तर त्या एकाच घटकाने निर्देशांक 114 वर जातो आणि तलाव ‘पिण्यास अयोग्य’ ठरतो. पावसाळ्यात मातीचं पाणी आलं की हे होणारच. उलट नायट्रेट 20 वरून 40 झालं, म्हणजे दुप्पट झालं, तर निर्देशांक जेमतेम 3 ने हलतो. जे शोधायचं तेच निर्देशांकाला जवळजवळ दिसत नाही. वर घटकांची यादी बदलली की उत्तरही बदलतं.

आणि मुळात पट्टीच चुकीची आहे. आयएस 10500 हे पिण्याच्या पाण्याचं मानक. तलावातलं कच्चं पाणी त्याला उतरलं नाही यात नवल काय? मासे, पाखरं आणि धान हा प्रश्न असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपयोगानुसार वर्गीकरण बघा. वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठीच्या ‘ड’ वर्गात पीएच 6.5 ते 8.5, ऑक्सिजन किमान 4 आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त 1.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढंच मागितलं आहे. सारसासाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यात मुक्त अमोनिया न मोजता कठीणपणाची पानंच्या पानं भरण्याचं कारण मला तरी सापडत नाही.

पाचवा प्रश्न : एन किती?

एका तलावातून एका दिवशी तीन बाटल्या भरल्या, चार महिने भरल्या, तर पावसाळ्याचे 12 नमुने झाले का? बाटल्या 12 झाल्या, पावसाळा एकच. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये याच चुकीला ‘आभासी पुनरावृत्ती’ या अर्थाचं नाव दिलं आणि तो पेपर आजही प्रत्येकाने वाचावा असा आहे. एका वर्षाच्या माहितीवर एनोव्हा लावून ‘ऋतूंमधील फरक लक्षणीय’ असं लिहिलं, तर तुम्ही त्या एका वर्षाबद्दल बोलताय, ऋतूबद्दल नाही. पाऊस कमी झालेल्या वर्षी चित्र उलटंही होऊ शकतं. दोनच वर्षं हातात असतील तर दोन्ही वेगवेगळी दाखवा, सरासरीत मिसळू नका. आणि प्रत्येक वर्षाचा पाऊस शेजारी लिहा.

एवढं सगळं पीएचडीच्या वेळेत जमेल का, असं विचाराल. मला वाटतं जमेल, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींना नवीन उपकरण लागत नाही. पातळीची खूण, सॅम्पलची वेळ, पाणी सोडल्याची तारीख, पाणलोटाचा हाताने काढलेला नकाशा. वीस घटकांऐवजी आठ घ्या आणि वाचलेल्या वेळात जादा फेरे करा.

याने फरक काय पडतो? ‘उन्हाळ्यात प्रदूषण सर्वाधिक’ या वाक्यावर कुणी काय करणार? उन्हाळा तर बंद करता येत नाही. त्याऐवजी प्रबंधाचा शेवट असा झाला समजा (आकडे काल्पनिक आहेत) : ‘ऑक्टोबर ते मे या काळात क्लोराइड अडीचपट झाले, ते बाष्पीभवनाच्या हिशेबाशी जुळते. फॉस्फेट सहापट झाले. पाणलोटात या काळात ओहोळ वाहत नव्हता. वाढ पाणी खुणेखाली दीड मीटर उतरल्यावर सुरू झाली, त्यामुळे गाळ हा संभाव्य स्रोत आहे.’

हे वाक्य मच्छीमार संस्थेला, ग्रामपंचायतीला आणि गाळ काढायचं ठरवणाऱ्या अभियंत्याला वापरता येतं. पाणी किती खाली जाऊ द्यायचं आणि गाळ कुठला काढायचा, यावर त्यांना बोलता येतं. शिवाय ते चुकीचं असेल तर पुढचा विद्यार्थी त्याच खुणेवरून मोजून ते खोडूही शकतो.