चार वर्णांचे हिरे आणि पाचव्याचे लोखंड

आपल्याकडे रत्नांकडे तीन माणसे पाहतात. पेढीवाला किंमत पाहतो, ज्योतिषी ग्रह पाहतो, आणि साहित्याचा अभ्यासक एखादी उपमा उचलून पुढे जातो. रत्नशास्त्र हा एक सामाजिक दस्तऐवज आहे, या दृष्टीने त्याचे वाचन मात्र फारसे झालेले नाही. ते आपण केले पाहिजे. कारण खड्याच्या रंगातही येथील व्यवस्थेने माणसाची जागा लिहून ठेवली आहे.

वराहमिहिराची 'बृहत्संहिता' सहाव्या शतकातली. तिच्या रत्नपरीक्षेत हिऱ्याचे रंग सांगितले आहेत आणि रंगांबरोबर त्यांचे धनीही. पांढरा ब्राह्मणाचा, तांबडा आणि पिवळा क्षत्रियाचा, शिरीषाच्या फुलासारखा वैश्याचा, तलवारीच्या पात्यासारखा काळसर शूद्राचा. वस्तुतः हिरा म्हणजे कार्बन. जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णता यांतून तो घडतो. त्यात नायट्रोजनचा अंश मिसळला की पिवळी झाक येते. म्हणजे निसर्गाने जे मिसळीतून केले, ते शास्त्राने वर्णांत वाटून टाकले.

मग चार वर्णांच्या बाहेरच्या माणसाला कोणता हिरा? रत्नपरीक्षेत त्याला रंगच नाही. त्याचा दागिना मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सापडतो. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे अलंकार घालावेत. ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचली की अलंकारशास्त्र पूर्ण होते. एकटी रत्नपरीक्षा वाचणारा अर्धेच वाचतो.

या शास्त्राची जन्मकथाही लक्षात घेण्याजोगी आहे. गरुडपुराण सांगते की बल नावाच्या असुराने इंद्राला जिंकले. रणात तो आवरेना, तेव्हा देवांनी त्याच्याकडे मागणे मागितले : आमच्या यज्ञात तू पशू हो. त्याने शब्द दिला आणि पाळला. देवांनी त्याला मारले. त्याच्या हाडांचे हिरे झाले, दातांचे मोती, रक्ताची माणके, पित्ताचे पाचू, डोळ्यांचे नीलम. पुराणिकाला यात चमत्कार दिसतो. मला यात दिलेला शब्द पाळणारा एक पराभूत दिसतो, आणि त्याचे तुकडे अंगावर मिरवणारे जेते दिसतात. ही कथा इतिहास आहे असे मी म्हणत नाही. पण कोणाच्या देहातून कोणाचे वैभव निर्माण होते, हे ती नकळत कबूल करून जाते.

वराहमिहिरालाही ही कथा ठाऊक आहे. तो आणखी एक मत नोंदवतो : काहींच्या मते दगडांचे हे वैचित्र्य पृथ्वीच्या स्वभावातूनच येते. म्हणजे असा विचार करणारी माणसे त्या काळीही होती. त्यांच्या वाट्याला अर्धा श्लोक आला आणि असुराच्या कथेचे पुराण झाले.

आपल्याला गैरसोयीची असलेली एक गोष्टही येथे सांगितली पाहिजे. 'रत्नपरीक्षा' नावाचा ग्रंथ लिहिणारा बुद्धभट्ट हा बौद्ध होता. गरुडपुराणातील रत्नप्रकरणे त्याच्या ग्रंथाशी फार मोठ्या प्रमाणात जुळतात. हिऱ्यांची वर्णवार वाटणी त्याच्याकडेही आहे. बौद्धाच्या लेखणीतही वर्ण शिरला, ही गोष्ट आपण झाकू नये. बाजार आणि दरबार यांचे शास्त्र लिहिताना धम्म दाराबाहेर राहिला, एवढाच त्याचा अर्थ.

आता मोत्याकडे वळू. शास्त्रात मोती हत्तीच्या मस्तकात, सापाच्या फण्यात, ढगात, बांबूत, रानडुकराच्या दाढेत जन्मतो. लोकसमजुतीत तो स्वाती नक्षत्राच्या थेंबातून येतो. प्रत्यक्षात शिंपल्यातल्या जिवाच्या अंगात काही परके शिरले किंवा त्याला इजा झाली, की तो त्या जागेभोवती थरावर थर चढवतो. तोच मोती. वेदनेवरचे हे लिंपण समुद्राच्या तळातून वर कोण आणते? तो माणूस एकाही कथेत नाही.

इतिहासात मात्र तो आहे. ब्रिटिश अमलात सिलोनच्या किनाऱ्यावर पाणबुडे दगडाच्या वजनाने तळ गाठीत आणि एका श्वासात शिंपले गोळा करीत. त्यातले दोन तृतीयांश सरकारजमा होत आणि एक तृतीयांश पाणबुड्यांना मिळत. इराणच्या आखातातला पाणबुडा नावेच्या मालकाच्या कर्जात बुडालेला असे. तो मेला की ते कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. ते मोती मुंबईच्या बाजारात येत. मराठी घरांत ज्या बसरा मोत्याच्या नथीचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या होत आले, त्याच्या मागे हा हिशेब आहे.

खड्यांचेही तसेच. हल्ली 'हाताने घडवलेला दागिना' म्हणून अकीकाच्या माळांना शहरात मोठा मान आहे. या माळा गुजरातेत खंभातला घडतात. दगड वाळवून धगीत भाजतात, तेव्हा त्यातले लोह तांबडा रंग धरते. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर तो टेकवून शिंगाच्या हातोडीने टिचवतात, घासतात, भोक पाडतात. लोथलच्या उत्खननातही मण्यांचा कारखाना सापडला आहे, इतके हे कसब जुने आहे. पण घासताना उडणारी गारेची धूळ फुप्फुसात साचते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो बरा होत नाही आणि क्षयाला वाट करून देतो. कायदा या रोगाला ओळखतो. परंतु घरात बसून उक्त्यावर खडे घासणाऱ्याचा मालक कोण, हेच कागदावर ठरत नाही. माळेवर 'हस्तनिर्मित' असे लिहिलेले असते, पण हात कोणाचे ते लिहिलेले नसते.

या कारागिरांचीही एक कथा आहे. रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेले हे सिद्दी संत अकीकाच्या धंद्याचे पाठीराखे मानले जातात. शास्त्राच्या कथेत रत्नासाठी असुराला मरावे लागते. कष्टकऱ्यांच्या कथेत दूर देशचा एक काळा माणूस धंद्याचा आधार होतो. हा भेद समीक्षकाच्या नजरेतून सुटता कामा नये.

पण मराठी समीक्षा तरी कोणत्या भाषेत बोलते? शब्दाला पैलू पाडणे, कोंदणात बसवणे, मोत्याचे पाणी, घडीव शैली. सारी परिभाषा जवाहिऱ्याच्या पेढीवरची. पैलू पाडताना धूळ कोणाच्या छातीत गेली, हे या परिभाषेत येत नाही. दलित लेखनाला 'ओबडधोबड' म्हणणारा समीक्षक याच पेढीवर बसून बोलत असतो. त्याच्या तागडीत आपले शब्द टाकून वजनाची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याच्या घरी पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. गेल्या वर्षी त्याच्या बोटात पुष्कराज आला, तोही उसनवारीने घेतलेला. त्याच्या मित्राची ऐपत त्याहून कमी. नीलम परवडत नाही म्हटल्यावर त्याला काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी सुचवली गेली, आणि ती त्याने घातली. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला लोखंड! मनूने जे सक्तीने घालायला लावले, ते आता आपण शनीच्या भीतीने स्वखुशीने घालतो आहोत. त्या मुलांना मी हसत नाही. मोजक्या जागा आणि हजारो अर्ज अशा रांगेत उभ्या असलेल्याला भीती विकणे सोपे असते.

१९२७च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. ज्या वस्त्रांवरून आणि दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. माझी आजी कथलाच्या गोठांबद्दल बोलायची. तिच्या आईने ते पुढे कधी हातात घातले नाहीत. पोथी आगीत गेली आणि गोठ हातांतून उतरले, या दोन्ही कृती एकाच विचाराच्या होत्या.

म्हणून दागिन्याला नकार द्या, असे मी म्हणणार नाही. मोती सुंदर आहे, अकीक सुंदर आहे, आणि आपल्या मुलींनी ते हौसेने घालावेत. मात्र खड्याला ग्रह विचारण्याऐवजी हात विचारावा : तुला कोणी वर काढले, कोणी घासले, त्याला काय मिळाले? ज्या दिवशी आपली समीक्षा हा प्रश्न विचारील, त्या दिवशी रत्नपरीक्षेचा राहिलेला अध्याय लिहायला सुरुवात होईल.